मागच्या तिघींतली मधली

माझं नाव सुवार्ता पाटोळे, माहेरची मी आढाव, गाव आमचं नगर जिल्ह्यातलं, राहुरीच्या अलीकडं, अन् तिथं देवळाच्या मागं आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं होती. देऊळ म्हणजे आमचं चर्च बरं का ताई, आम्ही देऊळच म्हणतो. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, रविवारी देवळात पेटी वाजवायचे. मी लई भित्री. कुत्र्याला भ्यायची, विहिरीला भ्यायची, पाहुणे आले की आईच्या पदराआड. म्हणून वडिलांनी मला गाण्यात आल्टोला घातलं. आता आल्टो म्हणजे काय, तर गाण्याची खरी चाल असते ती सोप्रानोवाल्या बायका गातात, ती सगळ्यांना ऐकू येते, अन् आल्टो तिच्या खालनं खालनं चालते, ती वेगळी कोणाला ऐकूच येत नाही, पण ती गेली की गाणं पोकळ लागतं. वडील म्हणायचे, भित्र्या पोरीला हीच जागा बरी, इथं तुझ्याकडं कोणी बघत नाही.

मंग मी मिरजेला नर्सिंगला गेले, मिशनच्याच दवाखान्यात, तिथंही क्वायरमध्ये आल्टोच. लग्न झालं, आमचे मिस्टर डॅनियल छापखान्यात खिळे जुळवायचे. तेव्हा अमेरिकेला नर्सा पाहिजे होत्या, आमच्या बॅचच्या कितीतरी गेल्या, मीही अर्ज टाकला, वाटलं होतं कोण घेतंय आपल्याला, तर घेतलं की हो. ऐंशीच्या आगेमागे मी फिलाडेल्फियाला आले, एकटी, मिस्टर नंतर आले. काय सांगू तुम्हाला, पहिलं वर्ष मी नुसती भ्याले. एकाला एक चिकटलेली लांबच लांब घरं, सगळी दारं बंद, अन् घरमालकिणीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, बेल वाजली तरी दार उघडायचं नाही. मी दाराला खुर्ची लावून जेवायचे. टीव्ही लावला की कोणाला तरी गोळी घातलेली. हॉस्पिटलात इंग्लिश कळायचं पण त्यांचं इंग्लिश अन् माझं इंग्लिश वेगळं, पेशंट हसायचे, मी आणखी बारीक आवाजात बोलायचे.

आमच्या वॉर्डात मिस लॉरेन होती. आपल्याकडं आया जे काम करतात ते तिचं काम, पेशंटला उठवणं, पुसणं, स्ट्रेचर ढकलणं. काळी बाई, माझ्यापेक्षा वयानं पुष्कळ मोठी, उंच, अन् चालायची अशी की रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. सगळे तिला मिस लॉरेनच म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. एकदा एका पेशंटच्या उशाशी रेडिओ चालू होता, जुनं गाणं लागलं होतं, सोल म्हणतात तसलं, पुरुष गातोय अन् मागं बायका. मिस लॉरेन चादर घालता घालता म्हणाली, ही मागनं वरच्या आवाजात गातीये ना, ती मी. पेशंट हसला, म्हणाला, हो हो, अन् मी राणी एलिझाबेथ. तिनं चादरीचा कोपरा दुमडला अन् गेली. पण मी ऐकलं होतं ना ताई, तोच आवाज! ती बाथरूम धुताना गुणगुणायची तोच. मी तिच्या मागं पळत गेले अन् म्हटलं, मिस लॉरेन, तुझ्या खालची मधली बाई जरा उतरलेली गातीये. ती वळली अन् माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, हनी, त्या दिवशी तिला ताप होता.

तिथून आमचं जमलं. ती मला तिच्या चर्चला घेऊन गेली. आमच्याकडं उपासना म्हणजे कशी शांत, इथं माणसं उभी राहून ओरडतात, रडतात, टाळ्या, मला धडकीच भरली, पण क्वायर सुरू झाली अन् मला माझी आल्टोची जागा ऐकू आली, मधली, मोकळीच होती. मी तिथं जाऊन उभी राहिले म्हणा ना.

अन् एका शनिवारी दुपारी तिचा फोन. तिची मधलीवाली आजारी पडलीये, तू चल. कुठं, तर रेकॉर्ड करायला. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मी तुला विचारत नाहीये.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, खिडकी नाही, भिंतीला गाद्यांसारखं काहीतरी मारलेलं, दार लावलं की कानात आपलंच रक्त वाजतं. कानांवर हेडफोन दिले. काचेपलीकडं माणसं, ती बोलतायत ते ऐकू येत नाही, नुसती तोंडं हलतात. मिस लॉरेननं मागून मला कमरेला धरलं, मी पडू नये म्हणून, अन् तसंच धरून ठेवलं गाणं संपेपर्यंत. गाणारा मोठा माणूस होता, जुना, त्याचं नाव मी सांगणार नाही, तो तर त्या दिवशी तिथं नव्हताही, त्याचं आधीच भरून ठेवलेलं होतं, आम्ही तिघींनी, वरची मिस लॉरेन, मधली मी अन् खालची आणखी एक बाई, मागं ऊ अन् आ करायचं. झाल्यावर गाणं बसवणारा साहेब बाहेर आला, अन् मला म्हणाला, छान, पुन्हा ये, पण दोन गोष्टी. कव्हरवर तुमची नावं येणार नाहीत. अन् टीव्हीवर तीन तरुण मुली उभ्या राहतील, त्या ओठ हलवतील, आवाज त्यांचाच आहे असं लोक समजतील, ते तसंच राहू दे. बाहेर कुठं बोललात तर तुमचं इथलं गाणं संपलं.

मला त्याचं काही वाटलं नाही, खरं सांगते. नाव नको, तोंड नको, मला बरंच होतं ते. मिस लॉरेनला मात्र वाटायचं. तिनं पूर्वी एकदा एका पेपरवाल्याला सांगितलं होतं की अमक्या गाण्यातला तो आवाज माझा, तर कितीतरी वर्षं तिला कोणी बोलावलंच नाही, तेव्हाच ती हॉस्पिटलात लागली. ती मला म्हणायची, तोंड मिटून ठेव, माझ्यासाठी ठेव, हे गेलं तर या वयात मला दुसरं कोणी देणार नाही. तिच्या डोळ्यात तेव्हा भीती दिसायची, अन् इतक्या धीट बाईला भ्यालेलं बघून मी जास्तच भ्यायचे.

अशी काही वर्षं गेली. मुलगी झाली, रूथ. गाणी रेडिओवर लागायची, लग्नांत लागायची, मिस्टर अन् मी एकमेकांकडं बघायचो अन् गप्प बसायचो.

मंग एकदा आरशासमोर मंगळसूत्राचा फासा लावत होते अन् बोटाला गाठ लागली. गळ्यात, उजव्या बाजूला, गिळलं की वर खाली होणारी. ताई, मी नर्स. दुसऱ्या बाईला वाटलं असतं सर्दीची असेल. मला त्याच क्षणी कळलं की ही थायरॉइडची, अन् थायरॉइडच्या अगदी मागनं आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी, अन् वरच्या अंगाला आणखी एक असते, ती तर त्याहून बारीक, ती दुखावली की बोलता येतं पण उंच स्वर जातो तो जातोच. मी ऑपरेशनं झालेल्या बायका सांभाळलेल्या होत्या. एक होती, पेशंट, ती नवऱ्याला हाक मारायला टाळी वाजवायची. मी तशीच आरशासमोर बसून राहिले, रूथला शाळेला उशीर झाला.

कॅन्सर असेल का ही एक भीती, पण खोटं कशाला बोलू, मला दुसरीच मोठी वाटायची. मी मेले तर मिस्टर रूथला वाढवतील. पण मी जगले अन् आवाज गेला तर? अन् मंग आणखी एक मनात यायचं, की तो आवाज माझा होता हे कुठंच नाहीये. गेला तर गेल्याचंही कोणाला कळणार नाही. मला जेवण जाईना. झोपेत दचकून उठायचे अन् गळ्याला हात लावून हळूच ऊ करून बघायचे, आहे का अजून. मिस्टर कूस न बदलता म्हणायचे, आहे गं, झोप.

सर्जन आमच्याच हॉस्पिटलातला, चांगला माणूस, पण घाईतला. म्हणाला, घाबरू नको, नस सहसा वाचते, अन् बोलण्यापुरता आवाज तर राहतोच. काही विचारायचंय? माझ्या अगदी ओठावर आलं की डॉक्टर, मी गाते, मला बोलण्यापुरता पुरायचा नाही. पण सांगितलं तर तो विचारणार कुठं गातेस, अन् हॉस्पिटलात गोष्ट फुटायला वेळ लागत नाही, अन् मिस लॉरेनचं जे उरलंसुरलं ते माझ्यापायी जाणार. मी म्हटलं, नाही, काही नाही.

मिस्टर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. म्हणाले, सांग त्याला, गळा तुझा आहे. मी म्हटलं, अहो, पोट तिचं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी माझं स्ट्रेचर ढकलायला मिस लॉरेनच आली, तिनं मागून घेतलं होतं ते काम. माझा चष्मा तिच्या खिशात. थिएटरबाहेर थांबवलं, थंडी इतकी की दात वाजत होते, का भीतीनं वाजत होते कोण जाणे. सर्जन आला, टोपी घातलेला, अन् मला हसवायला म्हणून म्हणाला, एवढं काय, तू काही ऑपेरा गात नाहीस ना?

अन् ताई, मला नाही म्हणताच येईना. मी म्हटलं, मी गाते. तो म्हणाला, चर्चमध्ये? तिथं हो म्हटलं असतं तर सुटले असते. मी म्हटलं, रेकॉर्डवर. अन् गाण्याचं नाव सांगितलं.

त्यानं भुलीच्या नर्सकडं बघितलं, तिनं माझ्याकडं, दोघांना वाटलं गुंगीचं औषध चढलंय. तो माझ्या खांद्यावर थोपटायला लागला, वेड्या माणसाला थोपटतात तसं. मंग मी पडल्या पडल्या गायले. माझी मधली ओळ. अन् ती कोणालाच कळेना! कळणार कशी, तिला चाल कुठं आहे, एकाच स्वरावर कितीतरी वेळ, मंग एक पायरी खाली, मंग परत, ऐकणाऱ्याला वाटावं बाई कण्हतीये. मी सगळं तसंच गायले, डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं, अन् ते दोघं नुसते उभे. मला वाटलं, संपलं, आता आत नेतील.

तेवढ्यात डोक्यामागून मिस लॉरेन सुरू झाली. वरची ओळ, मोकळ्या आवाजात, स्ट्रेचरची दांडी धरून. दोन ओळी एकावर एक बसल्या अन् ती भुलीची पोरगी, तिचं तोंड मास्कमध्ये, ती आपोआप त्या गाणाऱ्या माणसाचे शब्द गायला लागली. अर्ध्यात थांबली अन् म्हणाली, ओ माय गॉड.

सर्जननं माझ्या खांद्यावरचा हात काढला. मंग माझ्याजवळ वाकून म्हणाला, मी वचन देत नाही. पण दोन्ही नसा डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी कात्री लावणार नाही, कितीही वेळ लागू दे. मी मिस लॉरेनकडं बघितलं, चष्मा नव्हता, तिचा चेहरा मला नीट दिसलाच नाही.

गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. पण जाग आली अन् मी आवाज दिला तर नुसती हवा. सूज आहे, उतरेल, डॉक्टर म्हणाला, नस मी बघितलीये, शाबूत आहे. पण दिवस जात होते अन् हवाच. रूथ विचारायची, ममी, व्हाय आर यू व्हिस्परिंग? मी पाटीवर लिहून दाखवायचे. ती टाळीवाली बाई सारखी डोळ्यापुढं यायची. मिस्टर रोज तांदळाची पेज करायचे, अन् एक दिवस तिच्यात मीठ इतकं पडलं होतं की एक घोट घेतला अन् मी म्हटलं, अहो! फुटका, घोगरा, पण आवाज. मिस्टर हातात पळी घेऊन तिथंच स्वयंपाकघरात खाली बसले अन् लेकरासारखे रडले.

गोष्ट व्हायची तशी फुटली. भुलीच्या पोरीनं कोणाला सांगितलं, त्यानं आणखी कोणाला, एका रेडिओवाल्याचा वॉर्डात फोन आला, त्या दोघी बायका कोण म्हणून. अन् पुढच्या गाण्याला मिस लॉरेनला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी तिच्या घरी गेले, तोंड कसं दाखवू कळत नव्हतं. मी बोलायच्या आतच ती म्हणाली, हनी, मला काय होणार ते माहीत होतं, स्ट्रेचर हलायच्या आधीपासून माहीत होतं. अन् मला खुर्ची ओढून दिली. त्यावर पुन्हा आम्ही कधी बोललो नाही.

आता बघा, हे सगळं होऊन दोन-तीन वर्षं झालीत. बोलताना तुम्हाला काही जाणवत नसेल, पण माझा वरचा आवाज गेला. ती वरची बारीक नस, कापली नाही तरी ताण पडून दुखावलीच शेवटी, डॉक्टरचा दोष नाही. मधल्या ओळीलाही आता माझा आवाज पुरत नाही. म्हणून मी चर्चमध्ये टेनरला गाते, पुरुषांच्या रांगेत, दोन ताडमाड बाप्यांच्या मधी उभी राहते साडी नेसून, लहान पोरं हसतात, हसू देत. मिस लॉरेन पुढच्या रांगेत असते. लांब स्वर आला की अजून मला वाटतं, तुटेल का, ती मागं वळून बघत नाही, पण तेवढ्यापुरता तिचा आवाज मोठा होतो, मला ओळखू येतं.

वर्षातून एकदा गळा तपासायला जावं लागतं, परवाच आहे. भीती वाटतेच हो, ती काही जायची नाही आता. बरं, तुमचा चहा गार झाला ताई, दुसरा टाकते. देव तुमचा गळा शाबूत ठेवो, अन् तुम्हाला ज्यांना हाक मारायचीये ती माणसं हाकेच्या अंतरावर ठेवो.