खोट्या काट्याचं कुलूप

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या दूध संस्थेचे चेअरमन माननीय राधाकिशनराव, व्यासपीठावरील संचालक मंडळी, धारूरहून लेकीच्या, म्हणजे आपल्या जगदेवीताईंच्या कौतुकासाठी आलेले मन्मथप्पा आणि शांतादेवी, आणि धारा काढून, वासरं बांधून इथवर आलेल्या माझ्या माय-माउल्यांनो आणि बंधूंनो,

सचिव या नात्यानं मला उभं केलंय. आपल्या संगणकाचा कारभार पाहणाऱ्या जगदेवीताईंना सोमवारी हैदराबादच्या नोकरीवर हजर व्हायचं आहे. हार घातला, शाल दिली. पण कार्यमुक्तीचा आदेश अजून चेअरमनसाहेबांच्या खिशातच आहे, बिनसहीचा. "तेवढी कामं उरका, मग सही करतो," म्हणतात. त्या कागदाविना तिकडचे लोक रुजू करून घेत नाहीत. असो, त्यावर नंतर येतो.

तो दुष्काळ आठवतो ना? रानात काडी नव्हती. छावणीतली जनावरं देतील तेवढ्या दुधावर चुली पेटत होत्या, आणि त्यातच आपला जुना काटा मोडला. नवा आणला, तर संगणकातला जुना प्रोग्राम त्याच्याशी बोलेना. मग ताईंनी संगणकाच्या पोटात एक आभासी काटा बसवला. हाताला लागत नाही, पण जुन्या काट्याचं सोंग घेऊन नव्याचं वजन आत पोचवतो. आमच्या मुंजाजी शिपायानं फळ्यावर लिहिलं, 'आजपासून खोटा काटा सुरू'. झालं! तलवाड्यापर्यंत बोभाटा, की संस्थेनं काटा मारायला मशीन आणली.

आणि त्या काट्यानंही छळलं. वजन स्थिर झालं की तो संगणकाला हाक मारतो: हातातलं काम ठेव, आधी माझं घे. संगणक मात्र नोंद लिहिताना कुलूप लावून घेतो, मध्येच दुसरी नोंद घुसू नये म्हणून. आता लिहिता लिहिताच हाक आली. काम अर्धं टाकून संगणक हाकेला धावला. हाकेला तेच कुलूप पाहिजे, आणि कुलूप अर्ध्या टाकलेल्या कामापाशी. हाक संपल्याशिवाय काम सरकत नाही, काम सरल्याशिवाय कुलूप सुटत नाही. सांगा, कोण हलणार? स्क्रीन थिजली, बाहेर उन्हात कॅन तापले, दूध नासलं.

संचालक सुंदरराव म्हणाले, कुलूपच काढून टाका. ताई नको नको म्हणत होत्या, ऐकतंय कोण! कुलूप निघालं, रांग सुसाट, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी तुळजाबाई खिडकीशी येऊन उभी.

"माझी म्हस आटत आली हाय. येवढं दूध तिनं कवा दिलं? हे रांगेत माझ्या मागं हुती त्या मनकर्णाचं असंल, तिच्या नावावर टाका."

एका नोंदीत दुसरी घुसली होती. पण त्या साली नावावर पडलेलं दूध परत करणारी बाई मी पाहिली, साहेब.

ताईंनी कुलूप परत बसवलं, पण शिस्त लावून. कुलूप घेण्याआधी हाका क्षणभर थोपवायच्या, नोंद झाली की कुलूप सोडायचं, मग हाकेला वाट द्यायची. हाक हरवत नाही, नुसती थांबते. आणि तिनंही आत लई रेंगाळायचं न्हाई. वजन ठेवायचं अन् निघायचं. त्यानंतर काटा अडला नाही. लोक मात्र प्रेमानं अजून खोटा काटाच म्हणतात.

आता नवी मशीन येणार, म्हणून परवा ताई आम्हाला तो खोटा काटा संगणकातून उतरवायचा कसा ते शिकवत होत्या. आधी नव्या हाका बंद करा, चालू असलेली हाक पुरी होऊ द्या, मगच काटा उतरवा. "आणि ती संपायची वाट बघताना," त्या म्हणाल्या, "तिला लागणारं कुलूप आपल्याच हातात धरून बसू नका. दोघंही अडकाल."

राधाकिशनराव, मला तिथंच तुमचा खिसा आठवला. रोज उमापूरच्या नाहीतर तलवाड्याच्या दूध केंद्रावरून संगणक अडल्याचा फोन येतो, ताई धावतात. काम उरकत नाही म्हणून आदेश नाही. आदेश नाही म्हणून ताई इथंच, आणि ताई इथं आहेत म्हणून पुन्हा फोन. उद्यापासून ते फोन माझ्याकडे येऊ द्या. मला ताईंइतकं येत नाही, बोलणी खाईन. लई वाईट वाटतंय, पण पोरीला जाऊ द्या.

आपण माझं एवढं ऐकून घेतलंत, मनापासून आभार. वडीलधाऱ्यांसमोर जीभ सैल सुटली असेल तर पदरात घ्या. मी खाली बसतो. चेअरमनसाहेब, आता तुम्ही उठा; पेन माझ्याकडे आहे.