आमच्या मॉरिसचा कळस

…आणि वर सासूबाई मलाच म्हणतात, "ऋतिका गो, चपला काढ आणि मग बस!" कुठे? देवळात नव्हे हो, गाडीत! मॉरिस मायनरमध्ये! आता तुम्हीच सांगा, क्लच दाबायचा तो अनवाणी, ब्रेक दाबायचा तो अनवाणी, आणि चपला कुठे, तर डिकीत, स्टेपनीच्या मांडीवर! आणि हे सगळं कशापायी? एका फळीपायी! पण मी काही बोलले का? छे! गप्प. नवी ना मी!

तुम्हाला सांगते, मी पेडण्यातल्या कोरगावची, दिली मये गावात. सासरी माणसं मोजकी. नवरा प्रज्योत, सासूबाई, आणि मांगराच्या खोपटाजवळ ताडपत्रीखाली ही मॉरिस. मामंजींची. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. आणि लग्नात, भर मांडवात, सासूबाई म्हणाल्या, "सुनेकडे लायसन आहे, आता गाडी तीच चालवणार!" अहो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीच्या चवथीला माहेरहून सासरी नेवऱ्या, लाडू, नारळ, केळ्यांचा घड असं सगळं येतं ना, आमच्याकडे वजें म्हणतात त्याला, तर ते बाबा आणणार होते. कसे? बसने! म्हापशात बदलून! गुडघा धरलेला, आणि खांद्यावर घड! भाड्याच्या गाडीचं नाव काढलं तर म्हणतात, "लेकीच्या दारात परक्याच्या गाडीनं उतरू?" मी फोनवर सांगून टाकलं, "बाबा, बसबीस काही नाही, मी येते मॉरिस घेऊन." बोलले खरी! आणि बोलले तेव्हा आमच्या मॉरिसची अवस्था काय, तर हॉर्न वाजवला की वाड्यावरच्या बायका पाववाला पोदेर आला म्हणून पावाची पिशवी घेऊन बाहेर!

बरं, इंजिन चालू झालं. टायर आले. आता निघायचं, तर प्रज्योत डॅशबोर्डवर बोट घासून म्हणतो, "गंजलाय गं हा पत्रा. लाकडी करूया? क्लासिक दिसेल! एवढंसं तर काम!" फोनवर कुठल्यातरी साहेबाच्या गाडीचा फोटो दाखवला, गुळगुळीत, चकचकीत, आरशासारखा. सासूबाईंनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "लाकूड हवंच तर कृष्णनाथ मेस्ताकडे दे." आता हा कृष्णनाथ मेस्त पाळी गावचा सुतार. देव्हारे करावेत तर त्यानं, पालख्या कराव्यात तर त्यानं. पण गाडी? गाडीचं काम त्यानं जन्मात केलेलं नाही! मला वाटलं, विचारावं. नाही विचारलं. नवी ना मी!

लाकूड माझ्या माहेरचंच. वादळात आमच्या अंगणातला फणस आडवा झाला होता, त्याची फळी बाबांनी पाठवली, पिवळीधमक, हळद लावल्यासारखी. मेस्त आला. टेप नाही, पट्टी नाही! झाडूतला एक हीर मागून घेतला, डॅशबोर्डला लावला, कट्ट मोडला. दुसरा लावला, कट्ट! इकडून कट्ट, तिकडून कट्ट, आणि ते तुकडे खिशात घालून निघाला. प्रज्योत मागून ओरडतोय, "मेस्ता, फोटो पाठवतो हां!" तर हा म्हणतो, "फोटो कित्याक? माप आसा न्हू खिशात!"

होतं ना खिशात! पण सदरा धुवायला टाकला, बायकोने खिसा उपसला, हिराचे तुकडे दिसले, तिने ते कुठे खोचले असतील? खराट्यात! आमच्या गाडीचं माप, मंडळी, पाळीचं अंगण झाडत होतं! आणि मेस्त काय परत माप घ्यायला येतो? त्याचा हात त्याला जे ठाऊक ते करत गेला… आणि आम्ही इकडे फोन करतोय, "मेस्ता, झालं?" "लाकूड सुकूंक जाय." "मेस्ता, झालं?" "पॉलिश सुकूंक जाय." चवथ येऊन ठेपली दारात, बाबा फोनवर विचारतायत, "गो, मी बसचं बघू?" आणि मी म्हणते, "नको हो बाबा, एवढंसं तर काम राहिलंय!"

आणि एकदाचा तो आला! टेंपोतून, चादरीत गुंडाळून. चादर काढली… आणि आम्ही तिघं बघतच राहिलो.

देव्हारा! अहो, सबंध देव्हारा! स्पीडोमीटरच्या भोकाभोवती महिरप, दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर वेल, कप्प्यांच्या दारांवर समोरासमोर मोर, चोक ओढायचा त्या जागी कमळ, राखदाणीच्या जागी वाती ठेवायला इवलासा खण! आणि मधोमध, सगळ्याच्या वर, हा एवढा कळस! सगळं लाकडी खुंट्यांवर. "देवाच्या कामाक लोखंड लायना हांव," मेस्त छाती काढून सांगतोय. देवाच्या कामाला! प्रज्योतचं तोंड आंबट द्राक्ष खाल्ल्यासारखं. सासूबाईंचे हात मात्र आपोआप जोडलेले!

आणि गंमत बघा हं, बसवायला घेतला, प्रज्योत सीटखाली आडवा, पाय दाराबाहेर, मेस्ताने जरा इकडून रंधा मारला, जरा तिकडून थापटलं… टक्क! असा बसला की केसाएवढी फट नाही! खरं सांगू? मला भरून आलं. माझ्या अंगणातलं झाड होतं हो ते, असं मोर होऊन समोर बसलेलं. मी ऐटीत स्टिअरिंग धरलं, समोर बघितलं… आणि डावीकडचा अर्धा रस्ता गायब! कळसामागे! तिकडून म्हैस येवो, कदंबाची बस येवो, मला दिसणार फक्त कळस!

"कापूया वरचा तुकडा," प्रज्योत म्हणाला.

"कळस कापतोस?" सासूबाईंचा आवाज असा चढला की माडावरचा कावळा उडाला. "आधी माझा हात काप!" मेस्त म्हणतो, "हांव करवत लावचों ना." प्रज्योत म्हणतो, "मग गाडी काय पुजून ठेवायची?" सासूबाई म्हणतात, "ठेव!" हा इकडून, त्या तिकडून, मेस्त मधून, आणि मी आत, कळसाकडे बघत. चवथ तोंडावर, बाबांचा गुडघा, खांद्यावरचा घड… आणि बघता बघता मला काय दिसलं? कळसाच्या तळाशी खुंटी. लाकडी. लोखंड नाही ना लावलेलं!

आणि मी बोलले. मी! "आई, आपल्या घरातल्या देव्हाऱ्याचा कळस लग्नात रंगाऱ्याने पाडला ना? हा कापायचा कशाला? काढून तिथे लावूया की!"

मेस्ताने हळूच खुंटी ठोकून काढली, कळस सुटून अलगद त्याच्या हातात. घरातल्या देव्हाऱ्यावर बसवला, तर असा शोभला की सासूबाई मला म्हणाल्या, "बोलता येतं की गो तुला!"

झालं, रस्ता मोकळा! पण कळस उतरला तरी देव्हारा तो देव्हाराच, नाही का? म्हणून चपला डिकीत. आणि निघण्याआधी देवाचा कौल! सासूबाईंनी अबोलीची पाकळी ओली करून स्पीडोमीटरच्या काचेवर चिकटवली. "उजवी पडली तर निघायचं." काटा तसाही कधीचा झोपलेला! प्रज्योतने कपाळाला हात लावला. मी मात्र निवांत. गाडी मीच लावली होती ना, उजवी चाकं अंगणाच्या उताराकडे ठेवून! इंजिन थरथरलं, पाकळी पडली उजवीकडे. प्रज्योतला घर सांभाळायला ठेवून आम्ही दोघी निघालो. अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ… सासूबाई मागे अनवाणी, मांडीवर फुलांची परडी, आणि हॉर्न वाजवला की गावोगावच्या बायका पिशव्या घेऊन बाहेर!

कोरगावात बाबा गेटपाशीच उभे. मी गाडी लावायला लागले, तर मागून सासूबाई, "तिथं नको गो, त्या फणसाच्या बुंध्यापाशी लाव." लावली. वजें भरलं, घड मागच्या सीटवर ऐसपैस बसला, माझ्या आईने डोळे पुसले. परतीसाठी पाकळी चिकटवली, किल्ली फिरवली… डावी!

"डावी पडली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "चवथ परवा आहे. आज मुक्काम इथंच." आणि लागल्या चपला शोधायला.

आईचा चेहरा असा फुलला! बाबा गुडघा विसरून आत धावले, चहा सांगायला. मी डिकी उघडून चपला दिल्या, तर सासूबाई माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "आमचं अंगण उजवीकडे उतरतं. तुमचं डावीकडे. लग्नाला आले तेव्हाच बघून ठेवलं होतं मी."

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? गप्प. नवी ना मी!