एलियानाचा न दिलेला कागद

— बेल दाबून उपयोग नाही साहेब, तासभर दाबलीत तरी ती उघडायची नाही. आत आहे, हो, आहे ना, सकाळी मीच मक्याच्या भाकऱ्या, अरेपा, देऊन आले — बसा इथे जिन्यावर, तिंतो घ्या, काळी कॉफी, जरा कडक झालीय. तुम्ही दवाखान्याच्या त्या अ‍ॅपवाले, एलियानाचे नवे साहेब, ओळखलं मी. कसं? भिंती पातळ आहेत, आणि मी काही कानात बोळे घालून बसत नाही. म्हणजे 'फायली बिघडल्या ही चूक माझीच' असं लिहिलेल्या कागदावर तिनं सही केली तर कामावर परत, नाहीतर घरी. असंच ना?

सहा वर्षं तिनं त्या अ‍ॅपचं रूप एकटीनं बसवलं. मला दाखवलं होतं एकदा — एक मूळ बटण, त्याचा रंग बदलला की चारशे स्क्रीनवरची बटणं आपोआप बदलायची. मग तुम्ही आलात, सोमवारपासून स्क्रीन आखायला नवं सॉफ्टवेअर म्हणालात, आणि शुक्रवारीच जुनं बंद केलंत. फायली उघडल्या, दिसायलाही तशाच — पण आतून सगळं सुटलेलं. मूळ बटण बदललं तरी बाकीची ढिम्म. आता चारशे स्क्रीन, एकेक, हातानं.

तिला आधी काय हवं होतं, विचारलंत? एका कागदावर लिहिलं होतं हो तिनं. एकच छोटं काम आधी नव्यात हलवून बघू, बटणं एकमेकांना धरून राहतात का ते. तोवर जुनं बंद करू नका, महिनाभर दोन्ही चालू द्या. कोड लिहिणाऱ्यांना नव्यातून बटणांची मापं घेता येतात का, हे त्यांनाच विचारा. आणि शिकायला आठवडा, तोही कामाच्या वेळेत. एवढंच.

तो कागद तुम्हाला मिळाला नाही? — कसा मिळणार. आधी मला दाखवायला आणला होता. म्हणाली, "देऊ ना, दोन्या नोरिदा?" मी म्हटलं, "नवा साहेब आहे पोरी, आल्या आल्या अटी नकोत, हो म्हणून टाक." कापडगिरणीत एकवीस वर्षं मी हो म्हणतच काढली, मला दुसरं काय सुचणार? कागद माझ्याच ओट्यावर राहिला. हे — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला.

रडली असती तर बरं होतं. नुसती बसते. अकरा दिवस. मीही जाऊन बसते शेजारी, आणि खरं सांगू, मलाही काही वाटत नाही. काहीच नाही.

काय? सही कर म्हणून मी समजावू? माझं ऐकते ती, म्हणून?

हो. ऐकते.

जा तुम्ही आता.