आल्तीनला मीच गाडीत चढवली

मी पाचगनीचा बगा. म्हंजी गावातला न्हवं, पठाराच्या खाली वाडी हाय ना, तितला. बाप पठारावर पाव्हन्यांना घोड्यावर बसवायचा, एक चक्कर, दोन चक्कर, कुनाला फोटू काढायचा आसला तर लगाम धरून हुभा ऱ्हायचा. दोन तट्टं हुती आमची, एक तांबडं आनि एक कबरं, आनि आमी पाच भावंडं. आई म्हनायची आधी घोड्याफुडं टाका, त्ये उपाशी ऱ्हायलं तर उद्या तुमीबी उपाशी. तवा घोडं म्हंजी आमच्यात काय शौक न्हवता ताई, त्ये घरातलं कर्तं मानूस हुतं. नाव माजं हिंदुराव, पन हितं शारजात कुनाच्या तोंडात बसंना. अरबाब मला राव म्हनायचा, अरबाब म्हंजी मालक, आनि तबेल्यातली बंगाली पोरं राओभाई. मी म्हनलं बोलवा काय बोलवायचं त्ये.

तर पाचगनीतनं पुन्याला एका रायडिंग शाळंत लागलो, तितनं एजंटानं हितं आनलं. वीस वर्सं झाली. शारजाच्या बाहीर, धैदच्या वाटंला एक तबेला हुता, अरबाबचा खाजगी, अठरा घोडी, सगळी अरबी. लीद काढा, खरारा करा, पानी पाजा, सकाळच्या गारव्यात फिरवून आना. उन्हाळ्यात घोड्यांना एसी आनि आमच्या खोलीत पंखा, पन तक्रार न्हाई माजी, घोड्याला गरमी सोसत न्हाई आनि मानसाला सवय हुतीया.

मग एक दिस आल्तीन घोडी आली, नावाचा अर्थच सोनं. काय सांगू ताई तुमाला, गाडीचं दार उगाडलं आनि मला वाटलं ऊनच उतारतंय फळीवरनं. सोन्यागत अंग. सोन्यागत म्हंजी बोलायची रीत म्हनून न्हवं, खरंच धातूवानी चमकायचं, जसं पितळंचं भांडं चिंचंनं घासल्यावर. बारीक लांब मान, आयाळ जवळजवळ न्हाईच, पोट आत गेल्यालं, डोळा लांबट, झाकल्यासारका. आमची बंगाली पोरं हासली, म्हनली राओभाई ये घोडा है के हिरन, इसको खाना नहीं दिया क्या. मीबी मनात म्हनलं हाडकुळी हाय. आमाला काय ठावं.

तिच्या संगं एक म्हातारा आला हुता, ओराज आगा, तुर्कमेनिस्तानचा. अरबाबनं घोडीबी तितनंच आनल्याली आनि म्हाताऱ्यालाबी. त्याला हिंदी येत न्हवती, मला त्याची भाषा येत न्हवती, पन दोघं मिळून एकाच जनावराला खरारा करायला लागलं की भाषा तयार हुती बगा. सा म्हैन्यात त्यो मोडकं तोडकं हिंदी बोलाया लागला आनि मग मला सगळं सांगायचा. ही जात म्हंजी आखल टेके. आखल म्हंजी डोंगराच्या पायथ्याचा पट्टा, जितं झऱ्याचं पानी येतंय, आनि टेके ही त्यांची जमात. एका बाजूला डोंगार, एका बाजूला काळ्या वाळूचं रान, मधी ही मानसं आनि ही घोडी. हजारो वर्सांची जात म्हनायचा त्यो. चारा कमी, पानी कमी, म्हनून मोठे कळप न्हाईत, एकेका तंबूफुडं एकेक घोडं बांदल्यालं, पोरांत वाडल्यालं. लसूनघास असंल तवा लसूनघास, न्हाईतर जवाच्या पिठात मेंढीची चरबी कालवून गोळं करून हातानं चारायचं. अंगावर नमद्याच्या, म्हंजी लोकर दाबून केल्याल्या जाड कापडाच्या झुली, एकावर एक, उन्हातबी आनि थंडीतबी, म्हनून अंगाला चरबी न्हाई आनि कातडं रेशमावानी.

आनि म्हनायचा, चीनच्या एका बादशानं ही घोडी पायजेत म्हनून फौज धाडली हुती, मानसं मेली कितीतरी, घोड्यांसाटी. ह्यांना रक्ताचा घाम येतुया आसं तिकडं बोलायचे. मी इचारलं, येतंय का खरं? म्हातारा हासला, म्हनला कातडं पातळ हाय, घामानं भिजलं की आतल्या शिरा दिसत्यात, लांबनं बगनाराला रक्त वाटतंय. मग म्हनला, रक्त नंतर सांडलं. त्याच्या बापाच्या वक्ताला सरकारनं ठरवलं की घोड्याचं काय काम, आता ट्रॅक्टर हाय, आनि मटनाच्या कारखान्यात धाडली ही घोडी. त्याचा बाप सांगायचा म्हनं, दुसरी जनावरं हाकलली की जात्यात, ही जायाची न्हाईत, मालकाकडं वळून बगायची. काई मानसांनी रानात लपवून ठेवली, त्यातनं जी वाचली तीच ही.

आनि सगळ्यात म्हत्त्वाची गोष्ट म्हंजी ही जात एकाच मानसाला वळखती. बाकीच्यांना हात लावू दील, न्हाई आसं न्हाई, पन जीव एकावरच. आल्तीनचा जीव म्हाताऱ्यावर हुता. चार वर्सांनी म्हाताऱ्याचं गुडघं गेलं, त्यो मुलखाला निगाला, तवा तीन म्हैने आदीपासनं त्यानं मला तिच्यापाशी झोपवलं, त्याचा जुना कोट माज्या अंगात घातला, माज्या हातानं चारलं. जायच्या दिवशी कासरा माज्या हातात दिला आनि म्हनला, राव, इसको झूट नहीं बोलना. मी म्हनलं आगा, जनावराशी कोन खोटं बोलतंय.

मग ती माजी झाली. मी शीळ घातली की आर्ध्या रानातनं येयाची. मला ताप आला की चारा तोंडात घ्येयाची न्हाई. गाडीला मातुर लई भ्यायची, विमानातनं आनली तवाचं भ्या असंल, फळीवर पाय ठिवायची न्हाई. दुसऱ्या कुनी वडली तर हुभी ऱ्हायची मागच्या पायावर. मी फुडं चाललो आनि मागं वळून न्हाई बगितलं तरच यायची, कारन मी वळून बगितलं तर तिला वाटायचं ह्यालाबी खात्री न्हाई.

आता जगताप सायबाचं सांगतो. त्यो आमच्याच सातारा जिल्ह्यातला, कोरेगावकडचा, शिकल्याला, पस्तिशीचा. तबेल्याचा मॅनेजर म्हनून आला. पयल्याच दिवशी मला म्हनला, काका, साताऱ्याचं मानूस हितं भेटलं, देव पावला. शारजात त्याचं बिऱ्हाड, रैवारी बायको पोरीला घिऊन तबेल्यावर यायचा, माज्या खोलीत भुईवर बसून पिठलं भाकरी खायचा. पोरगी इंग्रजीच बोलायची, मला म्हनायची अंकल, इज शी रियल गोल्ड? मी म्हनायचो व्हय बाळा, रियल. तिला मी आल्तीनवर बसवायचो, दुसऱ्या कुनाला बसवत न्हवतो. त्याची आई वारली तवा त्यानं पयला फोन मला केला ताई. म्हनून सांगतो, परक्यानं केलं आसतं तर मी एवढं मनाला लावून घ्येतलं नसतं.

अरबाब म्हातारा झाला, अंथरुनाला लागला. त्याच्या ल्योकाला घोड्यांत रस न्हाई, त्याला गाड्या पायजेत. अरबी घोडी निदान शोमधी जात्यात, शर्यतीत जात्यात, आल्तीन कशातच बसंना, तिची जातच वायली. पाव्हनं यायचे आनि ल्योकाला म्हनायचे हबीबी, हे काय ठिवलंयस. मला दिसत हुतं सगळं. मी जगताप सायबाला इचारलं, सायेब, हिला काडनार का? त्यो म्हनला, काका, मी हाय ना.

मग एक दिस सकाळी धाच्या सुमाराला आला, मागं घोड्याची गाडी. म्हनला काका, हिच्या डाव्या गुडघ्याला सूज वाटतीया, अल ऐनला डॉक्टरला दाखवायचं, चार दिसांचं काम, तुमी चढवा, मागनं माज्या गाडीतनं तुमाला घिऊन येतो. मी गुडघा चाचपला, मला काय सूज लागंना. मी म्हनलं सायेब, बरी हाय की. त्यो म्हनला, आतली हाय, मशिनीत दिसती. मी त्याच्या तोंडाकडं बगितलं. म्हनलं चार दिसांत परत? म्हनला पालीच्या खंडोबाची आन, काका.

मी फुडं चाललो. फळीवर माजी पावलं वाजली, मागनं तिची वाजली, टाप, टाप. मी वळून न्हाई बगितलं. आत गेल्यावर कासरा बांदला, कपाळावर हात ठिवला, म्हनलं आलोच मागनं. दार लागलं. गाडी गेली. मी पिशवी भरली, तिचा खरारा घ्येतला, झूल घ्येतली, आनि गेटवर बसलो. बारा वाजले, दोन वाजले. फोन केला तर उचलंना. चार वाजता ड्रायवर रिकामी गाडी घिऊन आला, पेशावरचा मानूस, माजी पिशवी बगून त्याचं तोंड पडलं. म्हनला राव, अल ऐन कौन सा, मैं तो दुबई छोड के आया, वो तो बिक गई, हफ्ता हो गया कागज़ बने.

हप्ता. म्हंजी आदल्या रैवारी माज्या भुईवर बसून भाकरी मोडत हुता, तवा ती इकल्याली हुती.

दुसऱ्या दिवशी आला तवा मी भांडलो न्हाई. मी यवढंच इचारलं, सायेब, मला का न्हाई सांगितलं? त्यो म्हनला, काका, सांगितलं आसतं तर तुमी चढवली आसती का? आनि तुमच्याबिगर ती चढली आसती का? ल्योकाचा हुकूम हुता, माजी नोकरी गेली आसती, पोरीची शाळा हाय. मी म्हनलं मग खंडोबाला कशापाय मधी आनलंस? त्याला पयल्यांदाच अरेतुरे केलं मी. त्यो रडलाबी असंल, मी बगाया थांबलो न्हाई.

त्या दिवशी घरी फोन लावला, बायकोला सगळं सांगितलं, आनि मी रडलो, मोठ्यानं. शालन म्हनली, घोडीला आलोच मागनं म्हनून सांगितलं आनि न्हाई गेलात, त्याचं यवढं दुख लागलं तुमाला. मला दोन वर्सांत येतो म्हनून सांगून गेला हुता तुमी. रागानं न्हाई म्हनली ताई. त्याचंच लई लागलं.

नोकरी सोडली, चाऱ्याच्या गोदामात लागलो. जगताप सायबानं कागदं लौकर करून दिली, तीबी खाली मान घालून. मग एक वर्स मी इचारत हिंडलो. दुबईत करामा भागात आमचा एक ढोलवाला हाय, नाशकाचा, हाटेलात लग्नं आसत्यात तिकडं वाजवतो. त्यानं सांगितलं, एक सोनेरी घोडी हाय बघ, नवरदेवाच्या वरातीला आनत्यात, रंग दिल्याला वाटतो पन हात लावला तर निगत न्हाई. मला फुडं ऐकायची गरजच न्हवती.

सुट्टीच्या दिवशी गेलो. समुद्राकाठचं हाटेल, ऊन कलल्यालं, ढोल, ताशा, नाचनारी मानसं, आनि मधी ती. डोक्यावर मोत्याची झालर, पाठीवर जड जरीचं खोगीर, पोटापाशी कातडं सोलल्यालं. चमक गेली न्हवती, पन दिवा काजळल्यावर कसा दिसतो तशी. मी बाजूला हुभा ऱ्हाऊन शीळ घातली, बारीक. यवढ्या ढोलांत तिनं कान फिरवलं ताई. नवरदेवासकट वळली आनि सरळ माज्याकडं आली, मानसं बाजूला झाली, कुनाला वाटलं ह्योबी वरातीतलाच खेळ हाय. तिनं माज्या हाताला नाक लावलं, मनगटाला लावलं, छातीला लावलं, लांब श्वास घ्येतला.

आनि मग थरथराय लागली. पायांपासनं कानांपत्तुर. डोळ्याचं पांढरं दिसाया लागलं, मागं मागं सरली, नवरदेव आयाळ धराया गेला तर आयाळ हाय कुटं, वराडी वरडाया लागली. मी शीळ घातली पुन्यांदा तर आनिकच भ्याली. तवा मला कळलं. माजा वास म्हंजी आता तिच्या लेखी गाडी. मी म्हंजी बंद दार. तिनं मला वळखलं, म्हनूनच भ्याली.

तिला धरनारा एक पठान हुता, गुल खान, यल्ला यल्ला, हटो म्हनून माज्या अंगावर आला. मी हटलो. वरात आत गेल्यावर त्याच्यापाशी गेलो, त्याच्यासंगं च्या प्यालो, सांगितलं सगळं. खोगीराखाली नमदा घाल, जाड ब्रश लावू नकोस, वरडू नकोस, गाडीत चढवायची तर वडू नकोस, फुडं चाल आनि वळून बगू नकोस. जवाचं पीठ सांगितलं. त्यो चांगला मानूस निगाला, हासला न्हाई. म्हनला, इसकी माँ का मुल्क कौन सा है? तवा म्हातारा आगा जे सांगायचा त्ये सगळं मी त्याला सांगितलं, वाळूचं रान, तंबू, बादशा, मटनाचा कारखाना. त्यो ऐकत ऱ्हायला आनि शेवटाला म्हनला, इतनी बड़ी ख़ानदान, और यहाँ डीजे.

आता मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियामधी त्याच चाऱ्याच्या गोदामात हाय. लसूनघासीचं गठ्ठं येत्यात, त्ये उतरवायचं, तबेल्यातबेल्याला धाडायचं. काम बरं हाय, जनावराशी संबंद न्हाई, गठ्ठ्याला काय कुनाचा वास लक्षात ऱ्हात न्हाई. ह्या वर्साला हितलं काम खलास करून घरी जायचं ठरवलंय. शालन म्हनती या, पन तारीक सांगू नका, आल्यावर कळंल. जगताप सायबाचा फोन येतो अदनंमदनं, मी उचलत न्हाई. त्याची पोरगी शिकू दे, मोठी हू दे, तिचा काय गुन्हा. पन त्याच्या ताटाला ताट लावून मी आता बसनार न्हाई.

गुल खानाचा परवा फोन आला हुता. म्हनला राव भाई, अब मेरे सिवा किसी के हाथ का नहीं खाती. त्यानं मालकाला सांगून लग्नं कमी केली, सोलल्यालं कातडं भरत आलंय म्हनं. मला बरं वाटलं. त्यो म्हनला, सामने खड़ी है, फोन कान पे लगाऊँ, आवाज़ देगा? मी म्हनलं नको. तू तिला माजा आवाज ऐकवू नकोस, माजं नाव घिऊ नकोस. तिनं मला इसरावं, समदं इसरावं, आनि तुज्यामागं बिनघोर चालावं.