रुचिकाच्या शेतातला अंगठा

आणि लोणचंच का मागावं? नाही, तुम्हीच सांगा! मी श्वास आत घेऊन बसले होते, अख्खं वाक्य मनात पाठ करून ठेवलं होतं, तोंडसुद्धा उघडलं होतं... आणि रक्षा म्हणाली, "तुह्या डब्यात लोणचं आहे का वो?"

थांबा, नीट सांगते. मधल्या सुट्टीत आम्ही दहावीची मुलं शाळेमागच्या चिंचेखाली डबा खातो. आम्ही म्हणजे ते. मी झाडाच्या पलीकडे, मुळावर. तर त्या दिवशी रक्षाला लहर आली आणि ती एकेकाला विचारत सुटली, सध्या कोणता गेम खेळून राहिले? झालं! प्रितमने पोळीची गुंडाळी बंदुकीसारखी धरली. "आपण तर बंदुकीचाच! काल शेवटच्या दोघांत होतो, गवतात लपून होतो, अन् आईनं हाक मारली, जा रे दळण आण! मेलो ना मी! दळणापायी मेलो!" मोनू ट्रक चालवतो. फोनवर. "डायरेक्ट काश्मीर! घाटात हॉर्न असा वाजते ना, पोंऽऽ पोंऽऽ, घरची म्हैस उठून उभी होते!" पण त्या गेमचं काही खरं नाही म्हणे, काश्मीरमध्येही नारळाची झाडं दिसतात. रिता फोनवर रंगीत गोळ्या फोडते, पण सोडणार आहे, कारण तिची आईही खेळायला लागून तिच्यापुढे गेली आणि आता घरात वेळेवर भात शिजत नाही. सगळे हसले. मीही हसले. पलीकडून. मग रक्षाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली... आणि लोणचं! फोड घेतली, बोट चाटलं, गेली. मला मात्र कोणी विचारलंच नाही!

बरं, माझं उत्तर काय साधं होतं? मी शेतीचा गेम खेळते. आता हसू नका. माझे बाबा धान पिकवतात, तलावाला लागून आमच्या धानाच्या बांध्या आहेत, आणि मी फोनवर गाजरं लावते, यावर घरात जे हसायचं ते हसून झालंय. आई म्हणते, "खऱ्या बांधीत पाय ठेव म्हटलं तर चिखल लागते म्हणते, अन् फोनात शेण उचलून राहिली!" पण तो गेम दोघींचा होता हो. डावं शेत माझं, उजवं माझ्या मैत्रिणीचं, रुचिकाचं, मधे धुरा, म्हणजे बांध. शेजारणीच्या पिकाला पाणी देता येतं, पण पीक तिचं तिनेच कापायचं. रुचिकाकडे फोन नव्हता, म्हणून ती संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून बाबांच्या फोनवर खेळायची. आणि शेतभर सूर्यफुलं लावायची! का? तर छान दिसतात! बाबा जाता-येता वैतागायचे, "थोडं तरी खायचं लाव वो बाई!"

जूनमध्ये रुचिका नागपूरला गेली, मावशीकडे, शिकायला. म्हणाली, नवीन फोन मिळाला की त्यात गेम टाकते, तू फक्त पाणी देत राहा. मी देत राहिले! बाहेर पावसाने बांध्या तुडुंब, आणि मी फोनमध्ये सूर्यफुलांना पाणी घालतेय. त्यांनी माना टाकल्या, तपकिरी झाली, तरी घालतेय. मेलेल्या झाडाला पाणी घातलं की त्या गेममध्ये एक बेडूक येतो आणि नुसती मान हलवतो. पण निदान येतो तरी!

आणि दिवाळीनंतर, आमचं धान चुरून, मळणी होऊन घरी आलं त्या सुमारास, एका सकाळी बघते तर... रुचिकाचं शेत साफ! वाळकी सूर्यफुलं गायब, नवी हिरवी रोपं! मी फोन छातीशी धरून अशी नाचले, अशी नाचले, की आईच्या हातातला चहा सांडला. रुचिका आली!

आता तुम्ही म्हणाल, शंका कशी नाही आली? यायला हवी होती. रोपं धानाची होती. सूर्यफूल एकही नाही. ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ. आणि गेममध्ये दिसणारी वेळ पहाटेची! रुचिका आणि पहाटे? जिला शाळेच्या दुसऱ्या तासापर्यंत जांभया यायच्या? पण म्हटलं, मावशी कडक असेल. म्हटलं, शहरात गेल्यावर गावाची आठवण येत असेल, म्हणून धान. एकदा मानायचं ठरवलं ना, की सगळं जुळत जातं.

मग मी गेममधल्या चॅटवर लिहायला लागले. मी तोंडाने बोलत नाही, पण लिहायला बसले की थांबत नाही. रुचे, तुझ्या जागेवर अजून कोणी बसत नाही. रुचे, गणितात मला उभं केलं, उत्तर येत होतं, आवाजच निघाला नाही. आणि तिकडून काय यावं? अंगठा! नुसता उभा अंगठा! रुचे, मला रडू आलं. अंगठा! अगं, रडू आलं यावर अंगठा? पण कोणीतरी वाचत होतं ना... मला तेवढं पुरत होतं. लोणच्याच्या दिवशी मी सगळं लिहिलं, चिंच, मूळ, प्रितमचं दळण, मोनूचे नारळ, आणि शेवटी, रुचे, सगळ्यांना विचारलं, मला मात्र कोणी विचारलंच नाही.

त्या दिवशी अंगठासुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फाटकातून मोटारसायकल आत आली. बाबा! जे पालकसभेला येत नाहीत, ज्यांना माझी तुकडी माहीत नाही, ते बाबा! डोक्याला दुपट्टा, पायाला शेतातली माती. "इकडून जाऊन राहिलो होतो," म्हणाले. रस्ता आमच्या शाळेपाशीच संपतो हो, पुढे तलाव आहे! कुठे जाऊन राहिले होते? पोहायला? माझ्या शेजारी मुळावर बसले. दुपट्ट्याने तोंड पुसलं. घसा खाकरला. आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय वो पोरी... तू सध्या कोणता गेम खेळून राहिली?"

हे तर मी फक्त चॅटवर लिहिलं होतं! आमच्या घरच्या ग्रुपवर वाढदिवस असो की तेरवी, बाबा अंगठाच पाठवतात. म्हणजे तो अंगठा... ते धान... त्या सरळ ओळी...

"तुम्ही?"

"मंग काय करू? तिचं शेत माह्याच फोनात राहिलं. थो फोन रोज टुंग करे. तुमचं पीक वाळून राहिलं, तुमचं पीक वाळून राहिलं. कोणाले झोप येईन, सांग!"

म्हणजे रुचिका आली नव्हती. एकदाही नाही. आणि मी इतके दिवस बाबांना रुचे रुचे म्हणत... ते रडू आलं वगैरेसुद्धा! बाबा माझ्याकडे बघत नव्हते. चिंचेचं बोटूक सोलत होते. "थे गणिताचं," हळूच म्हणाले, "माहा बी आवाज नोहता निघत."

म्हटलं, जाऊ दे. कोणीतरी विचारलं तर आहे! मी श्वास घेतला, पाठ केलेलं वाक्य आठवलं, तोंड उघडलं... आणि प्रितम ओरडला, "काका, तुम्ही गेम खेळता?"

झालं! सगळे धावले. प्रितम, मोनू, रिता, सगळे माझ्या मुळावर! "काका, लेवल कोणती? काका, मले बी शिकवा ना!" आणि बाबा दुपट्टा मागे सारून, "पहिले तर पाणी पाहा लागते..." रोवणीपासून सुरू! रक्षाने गर्दीतून माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं. माझं तोंड अजून उघडंच होतं. "सरक ना वो थोडी," म्हणाली, "काका दिसत नाहीत."

मी सरकले. काय करणार? लोणच्याचा डबा तेवढा मधे ठेवला.

संध्याकाळी बाबा ओसरीवर, मी आत. मी चॅटवर लिहिलं, बाबा, तुम्ही सोडून मला मात्र कोणी विचारलंच नाही.

ओसरीवरून खोकल्याचा आवाज आला. मग टुंग.

अंगठा.