सुयांनंतरचा आकडा

सन्माननीय अध्यक्ष तात्यासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, विश्वस्त मंडळी, माझी सहकारी अपेक्षा, आणि गुलमंडीतल्या आपल्या धर्मादाय दवाखान्यात दोन जिने चढून येत राहिलेल्या माझ्या पेशंट मंडळींनो,

एकोणीस वर्षं मी तुम्हाला ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्या, आणि तुम्ही मलाच शाल देताय. हा तुमचा मोठेपणा. तात्यासाहेब मघाशी म्हणाले, सुरेखाताईंच्या हाताला गुण आहे, म्हणून आता दवाखान्यावर 'बीपीच्या गोळीपासून सुटका' अशी पाटी लावायची. अध्यक्षांचा मान राखून सांगते, त्या पाटीबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

सुयांनी काही पेशंटना आराम पडतो. झोप लागते, बीपी थोडा उतरतो. पण गोळी चालू ठेवून, तिच्या जोडीनं. हे मला शिकवलेलं होतं. मग चुकलं कुठं? बीपीच्या पेशंटला दोन जिने चढायला लावणारा दवाखाना आपलाच. धापा टाकत आलेल्या माणसाचा आकडा वरच दिसायचा. म्हणून मी ठरवलं, आधी मोजायचंच नाही. सुया लावायच्या, अर्धा तास पडू द्यायचं, मग मोजायचं आणि तेवढंच कार्डावर लिहायचं. पेशंट खूश, विश्वस्त खूश. मीही खूशच होते.

खुलताबादच्या अनवरीबी पाच वर्षांपूर्वी यायला लागल्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. दर मंगळवारी एसटीनं यायच्या. एकदा म्हणाल्या, "ताई, मंगळवारची गोळी मी खात नाय. खाऊन आले तर तुमच्या सुईचा गुण कसा कळंल?" मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. पुढं एकदा त्यांनी कार्डच माझ्यापुढं धरलं. "एवढा चांगला बीपी हाय, मंग रोजची तरी गोळी कशाला खायाची?"

मी "बंद करा" म्हटलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत त्यावरच काढत आले. मी हसले आणि म्हणाले, "तुमचा बीपी माझ्यापेक्षा बरा आहे की." त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

तीन महिन्यांनी दुकानात, एका बाईच्या हातात बांगड्या भरता भरता त्या कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चौथ्या दिवशी गेल्या.

चाळिसावा झाल्यावर त्यांचे पती मुबारकभाई ते कार्ड घेऊन आले. भांडायला नव्हे. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, आकडे तर लई चांगले होते. मंग झालं कसं?"

मी म्हणाले, "अल्लाची मर्जी, भाई." माझा देव वेगळा, पण त्या दिवशी लपायला मी त्यांच्या देवामागं गेले. त्यांनी मान डोलावली, माझे आभार मानले आणि जिना उतरून गेले. तेव्हापासून दर हंगामात माझ्या घरी सीताफळं पाठवतात. ती मी खाल्ली आहेत.

मुबारकभाई आज तिसऱ्या रांगेत बसलेत. भाई, ती अल्लाची मर्जी नव्हती. कार्डावर निवडून आकडे लिहिले होते, आणि निवडणारी मी होते. तुम्हाला एकट्याला गाठून सांगायचं धाडस मला कधी झालं नाही. आज गळ्यात हार पडला, आणि गप्प बसणं जमेना.

अपेक्षा, उद्यापासून खुर्ची तुझी. पेशंट आला की दहा मिनिटं बसू दे. गोळी घेतली का, ते विचार. सुयांच्या आधीचा आकडा लिही, कितीही वाईट असला तरी लिही, आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवायला लाव. तात्यासाहेब, हात जोडते, ती पाटी लावू नका.

संस्थेनं मला मान दिला, तुम्ही विश्वास टाकलात, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, मान्यवरांचं मन दुखावलं असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. अनवरीबींचं मात्र सभागृहानं माफ करू नये. तो हक्क मुबारकभाईंचा आहे. आणि भाई, तुम्ही नाही केलंत, तरी ते बरोबरच असेल.