‘खुशीने’ हा शब्द

सन्माननीय अध्यक्ष उस्ताद वहीद, व्यासपीठावरचे पाहुणे, महल्ला शहरातले माझे शेजारी कारखानदार, आणि ज्यांच्या हातांवर आमचं सगळं चालतं त्या शिलाई विभागातल्या भगिनींनो,

आज निवृत्त होणाऱ्या सित्त नेमात यांच्या खांद्यावर आत्ता आपण जो टॉवेल घातला, त्याचा तीन वर्षांपूर्वीचा हिशेब आधी सांगतो. विक्री एकशेवीस पौंड. सूत बाहत्तर, रंग आणि वीज एकवीस, भाडं आणि माझा खिसा मिळून वीस. उरले सात, ते काठ शिवणाऱ्या हातांचे. नव्या किमान वेतनाने त्या सातांचे दहा होणार होते. भांडण तीन पौंडांचं होतं.

पण तेव्हा मी ते असं मांडलं का? छे. कहवाखान्यात छाती ठोकून सांगितलं, की हा कायदा लागू झाला तर महिन्यात कुलूप घालीन आणि चावी कैरोत मंत्र्याच्या टेबलावर ठेवीन. भीती अगदीच खोटी नव्हती. फत्हीचा कारखाना त्याच साली बंद पडला, हेही इथे सांगायलाच हवं.

ज्याला परवडत नाही त्याने सूट मागावी, अशी सोय होती. माझ्या वकिलाने अर्ज लिहिला: ‘कारखाना टिकावा म्हणून आम्ही कामगार खुशीने कमी वेतन स्वीकारतो.’ पहिली सही विभागप्रमुखाची, म्हणजे सित्त नेमात यांची. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

म्हणाल्या, “हाज, तुम्ही अडचणीत आहात हे तुम्ही लिहा. मी सही करते. ‘खुशीने’ तेवढं खोडा.”

वकील म्हणाला, ते खोडलं तर अर्जात राहिलंच काय?

आता आमच्या गल्लीची एक रीत. बाईला कामावर घेतानाच तिच्याकडून तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेतात आणि खणात ठेवतात. उस्ताद वहीद, तुम्ही छताकडे बघू नका. मी खण उघडला, त्यांचा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, घरी आजारी नवरा. मला वाटलं, आता नमतील.

“घाला तारीख,” त्या म्हणाल्या. “पण आजचीच घाला. आज मी पूर्ण दिवस काम केलंय.”

आणि चष्मा पुसत उभ्या राहिल्या. यंत्रं एकेक थांबली. खणासमोर रांग लागली. रांगेतली सफिनाझ म्हणाली, आमचेही काढा, एकदाच शाई लागेल. सेहेचाळीस बायका होत्या, आणि हुरघदाच्या हॉटेलचा माल गुरुवारी जायचा होता.

मी उदार झालो नाही, मित्रांनो. मी मोजलं. अर्ज फाडला, राजीनामे जिचे तिला दिले, मजुरीत टॉवेलमागे तीन पौंड वाढवले आणि किमतीतही तेवढेच. हॉटेलवाल्याने फोनवर माझ्या सात पिढ्या उद्धरल्या आणि माल घेतला. वेतन कैरोत बसून ठरवणाऱ्यांनी कधी सुई ओवली आहे का, असं मी आजही विचारतो. पण नाखूश माणसाच्या नावाने खुशी लिहू नये, हे मी या बाईकडून शिकलो. उतारवयात शिकलो, एवढंच.

सित्त नेमात, तुम्हाला आणि तुमचे यजमान अबू रजब यांना आरोग्य लाभो. आपण सर्वांनी वेळ काढलात, आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. नेमातबाईंच्या जागी शनिवारपासून दोघी रुजू होत आहेत, पूर्ण पगारावर.